आईची नजर आणेवारी

नागपूर शहराच्या दक्षिणेस, वर्धा रस्त्यालगत आणि विमानतळाला खेटून पसरलेल्या ज्या मुलखाला आज आपण मिहान म्हणतो, तो पाव शतकापूर्वी खापरी, शिवणगाव, कलकुही, दहेगाव अशा गावांच्या शिवारांचा, कपाशीचा, तुरीचा, ज्वारीचा आणि गुरांच्या पडीत कुरणांचा मुलूख होता. २००२ साली महाराष्ट्र विमानतळ विकास कंपनी स्थापन झाली, भूसंपादनाच्या नोटिसा निघाल्या, सातबारावरची नावे बदलली, आणि जिथे वखर चालत होता तिथे रुंद रस्ते, संगणक कंपन्यांच्या काचेच्या इमारती, विमानदुरुस्तीची अजस्र कोठारे आणि अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेचे, म्हणजे सर्वांच्या तोंडी असलेल्या एम्सचे, रुग्णालय उभे राहिले. गुरे विरळ झाली, गुराखी त्याहून विरळ. गायबगळा मात्र राहिला. गाईच्या पायांपाशी उडणारे नाकतोडे टिपण्याचा पिढीजात व्यवसाय हा पक्षी गवत कापण्याच्या यंत्रामागे आणि माती उकरणाऱ्या जेसीबीमागेही तितक्याच निर्विकारपणे चालवतो, आणि पावसाळा तोंडावर आला की त्याच्या डोक्यामानेवर नारिंगी छटा चढते, जी पाहून जाणत्या माणसाने समजावे की आता चिंचेवर, बाभळीवर किंवा पिंपळावर काटक्यांची घरटी दाटीवाटीने बांधली जाणार.

त्या घरट्यात जे घडते ते पाहण्यासारखे असले तरी सुखद नव्हे. मादी फिकट निळसर रंगाची तीन किंवा चार अंडी एकदम घालीत नाही. दोन अंड्यांच्या मध्ये एक-दोन दिवसांचे अंतर पडते, आणि पहिले अंडे पडताच ती उबवावयास बसत असल्याने पिलेही त्याच क्रमाने, आगेमागे, बाहेर येतात. थोरले पिलू अंगाने भरलेले असते तेव्हा धाकटे नुकतेच कवच फोडीत असते. बाप किंवा आई चारा घेऊन घरट्याच्या काठावर उतरली की थोरली दोघे धाकट्याच्या डोक्यावर आणि मानेवर चोचीचे तडाखे हाणतात; तो मान खाली घालतो, काही दिवसांनी मान वर करणेच सोडतो, आणि चाऱ्याचा घास त्याच्या डोक्यावरून दुसऱ्याच्या घशात जातो. अनेकदा त्याचा शेवट उपासमारीत किंवा घरट्याबाहेर पडण्यात होतो. या साऱ्या प्रकारात आईबाप मध्ये पडत नाहीत, ही गोष्ट निरीक्षकांना दीर्घकाळ चमत्कारिक वाटत आली.

ह्युबर्ट श्वाब्ल, डग्लस मॉक आणि जेनिफर गीग या तिघांनी १९९७ साली ‘नेचर’ नियतकालिकात अमेरिकेतील गायबगळ्यांविषयी जो निबंध प्रसिद्ध केला त्याने या उदासीनतेचा अर्थ पार बदलून टाकला. (तिकडचा गायबगळा आफ्रिकेतून गेलेला, आपला पूर्वेकडचा, काही पक्षिशास्त्रज्ञ या दोघांना वेगळ्या जाती मानतात, परंतु घरट्यातली रीत दोघांची एकच.) त्यांना असे आढळले की पहिल्या दोन अंड्यांच्या बलकात टेस्टोस्टेरॉनसारख्या पुं-संप्रेरकांचे प्रमाण तिसऱ्या अंड्यातल्या प्रमाणाच्या सुमारे दुप्पट असते. बलक अंडाशयात थरावर थर चढत तयार होतो, आणि त्याला वेढणाऱ्या पेशीच ही संप्रेरके बनवीत असल्यामुळे ती स्निग्ध थरांत आपोआप मुरत जातात. पिलाचे स्वतःचे वृषण किंवा अंडाशय अस्तित्वात येण्याच्याही आधी त्याच्या भोवती आईच्या शरीरातले टेस्टोस्टेरॉन असते. म्हणजे घरट्यातल्या भांडणात आईबाप तटस्थ असतात हे खरे नव्हे. आईने आपला कौल कवच तयार होण्यापूर्वीच देऊन ठेवलेला असतो: थोरल्यांना वेळेचीही आघाडी आणि आक्रमकतेचीही, आणि धाकटा केवळ सुगी उत्तम निघाली तर वाढावा म्हणून राखून ठेवलेला.

याच श्वाब्ल यांनी चार वर्षे आधी, १९९३ साली, पाळीव कॅनरी पक्ष्यांच्या बलकात आईचे टेस्टोस्टेरॉन प्रथम दाखवून दिले होते, आणि तिथे क्रम अगदी उलटा होता: उशिरा घातलेल्या अंड्यांत ते जास्त होते. कॅनरीची आई शेवटी जन्मणाऱ्या पिलाला मागे पडू देऊ इच्छित नाही आणि बगळ्याची आई त्याला मागेच ठेवू पाहते, असे आपण सोयीसाठी म्हणतो. वस्तुतः येथे कुणी इच्छित नाही की ठरवीत नाही. ज्या मादीच्या अंडाशयाची रीत त्या जातीच्या निर्वाहाला मानवली तिची संतती टिकली, एवढेच. तरीही ‘आई ठरवते’ ही भाषा मी पुढेही वापरणार आहे, कारण तिच्यावाचून वाक्ये फार लांबतात, आणि ती आधीच पुरेशी लांब आहेत.

या विषयाचे मर्म विदर्भातल्या वाचकाला महसूल खात्याच्या दफ्तरातल्या एका रिवाजावरून चटकन उमगेल. खरिपाचे पीक अजून शेतात उभे असतानाच तलाठी आणि त्याचे वरिष्ठ त्याचा एक अंदाज कागदावर उतरवतात. ती नजर आणेवारी. मग सुधारित, आणि शेवटी पीक निघाल्यावर अंतिम. ती पन्नास पैशांच्या खाली उतरली की टंचाईच्या सवलतींचे दरवाजे उघडतात, म्हणून नजर आणेवारीच्या आकड्यावर गावोगाव खडाजंगी होते. आईच्या रक्तातली संप्रेरके हीसुद्धा अशीच एक नजर आणेवारी आहे: तिला स्वतःला जेवढे अन्न मिळाले, जेवढी शेजाऱ्यांची गर्दी सोसावी लागली, शिकाऱ्याची जेवढी दहशत वाटली, त्यावरून येणाऱ्या हंगामाचा केलेला अंदाज, आणि बलकातून, वारेतून किंवा दुधातून तो संततीच्या हाती पोचतो, तेव्हा संततीचे शरीर त्या अंदाजाबरहुकूम घडू लागते. ते सावकाश वाढावे की घाईने, धीट व्हावे की भित्रे, मिळालेल्या अन्नाची बचत करावी की खर्च, अशा गोष्टींचा निवाडा अंशतः तिथे होतो. मात्र या दफ्तरात सुधारित आणेवारीची सोय जवळजवळ नाही.

ही सोय का नाही, याचे उत्तर पक्ष्यांनी नव्हे तर गिनीपिगांनी दिले. १९५९ साली फिनिक्स, गॉय, जेराल आणि यंग या चौघांनी गाभण गिनीपिग माद्यांना टेस्टोस्टेरॉन टोचले आणि त्यांच्या लेकी मोठ्या होईपर्यंत वाट पाहिली. प्रौढ माद्यांना तेच संप्रेरक दिले तर त्याचा परिणाम ते शरीरात असेपर्यंतच टिकतो. पण गर्भावस्थेतल्या एका विवक्षित मुदतीत ते पोचले तर लेकींचे वर्तन आयुष्यभरासाठी नराकडे झुकले, आणि पुढे मादीची संप्रेरके देऊनही ते पुरते परतले नाही. तेव्हापासून संप्रेरकांची दोन निराळी कामे मानली जातात: एक, घडलेल्या शरीराला चालना देणे; दुसरे, शरीराची घडणच करणे. दुसऱ्या कामाला मुदत असते आणि मुदत टळल्यावर अर्ज दाखल होत नाही.

गुरे राखणाऱ्यांना या दुसऱ्या कामाचा एक ठळक दाखला फार पूर्वीपासून ठाऊक आहे, जरी त्यात दोष आईचा नसून भावाचा असतो. गवळाऊ असो की आणखी कोणती, गाईला जुळे झाले आणि त्यात एक गोऱ्हा व एक कालवड असली तर ती कालवड बहुधा वांझ निघते. दहांपैकी नऊ वेळा तरी. दोघांच्या वारा एकमेकींत मिसळतात, गोऱ्ह्याच्या वृषणांतून निघणारी द्रव्ये रक्तावाटे बहिणीकडे जातात आणि तिचे गर्भाशय व अंडाशय घडण्याआधीच खुंटतात. फ्रँक लिली या अमेरिकी भ्रूणशास्त्रज्ञाने १९१६ च्या सुमारास याची कारणमीमांसा केली.

परंतु आईचा अंदाज ही कल्पना अगदी स्वच्छपणे सिद्ध झाली ती उत्तर कॅनडातील युकॉन प्रदेशात, तांबड्या खारींवर. या खारी सूचिपर्णी वृक्षांच्या फळांवर जगतात, प्रत्येकीची हद्द ठरलेली असते, आणि हद्दीची द्वाही ती कर्कश खडखडाटी आवाजाने फिरवते. ज्या वर्षी खारींची गर्दी असते त्या वर्षी भराभर वाढणारी पिलेच हिवाळ्यापूर्वी हद्द पटकावून तगतात. गर्दी नसलेल्या वर्षी भराभर वाढून काही लाभ नसतो. बेन डँटझर आणि सहकाऱ्यांनी गर्दी नसताना नुसत्या ध्वनिक्षेपकावरून त्या आवाजांचा भडिमार केला. माद्यांच्या विष्ठेत ताणाच्या संप्रेरकांचे अवशेष वाढले, आणि त्यांची पिले, अन्न एका दाण्यानेही न वाढता, झपाट्याने वाढली. हे आवाजामुळे की संप्रेरकामुळे, अशी शंका उरू नये म्हणून दुसऱ्या काही गाभण माद्यांना त्यांनी शेंगदाण्याच्या लोण्यात कॉर्टिसोल कालवून खाऊ घातले; त्यांचीही पिले तशीच वाढली. हा निबंध २०१३ साली ‘सायन्स’मध्ये आला. ताण म्हणजे केवळ अपाय, हे आपल्या वर्तमानपत्री आरोग्यसदरांनी रूढ केलेले मत येथे टिकत नाही. त्या खारींपुरता ताण हा उपयुक्त वार्ताहर होता.

केनियातील ठिपकेवाल्या तरसांतही असेच काहीसे आहे: कळपात वरचा दर्जा असलेल्या मादीच्या शरीरात गर्भावस्थेच्या अखेरीस पुं-संप्रेरके अधिक असतात आणि तिची पिले अधिक आक्रमक निघतात, असे २००६ साली दाखवले गेले, म्हणजे खानदानी वतनदारीचा काही भाग तरी रक्तातल्या रसायनावाटे उतरतो. पण सर्वत्र असे सोयीचे चित्र दिसत नाही. अमेरिकी केस्ट्रल या छोट्या ससाण्याच्या अंड्यांत संप्रेरकांची मात्रा वाढवली तेव्हा पिले उशिरा बाहेर आली, कमी वाढली आणि अधिक संख्येने मेली. आणि युकॉनमधल्याच हिमसशांची हकीकत तर अधिकच विचार करायला लावणारी आहे: दर दहा वर्षांच्या फेऱ्यात त्यांची संख्या फुगते आणि शिकारी प्राण्यांच्या धाकाने कोसळते; ऱ्हासाच्या काळातल्या धास्तावलेल्या माद्या कमी पिले देतात आणि त्यांच्या लेकीही धास्तावलेल्याच निघतात, त्यामुळे शिकारी घटल्यावरही सशांची संख्या काही वर्षे वर येत नाही, असा रूडी बूनस्ट्रा, चार्ल्स क्रेब्स आणि मायकेल शेरिफ यांचा तर्क आहे. दुष्काळ सरूनही आणेवारी जुनीच राहिली तर जे होते, ते हे.

येथे मिहानकडे पुन्हा वळणे भाग आहे, कारण २०१९ च्या नोव्हेंबरात या परिसरात चक्क एका वाघाचा वावर आढळला, वन खात्याने कॅमेरे लावले, आणि संगणक कंपन्यांतल्या तरुण कर्मचाऱ्यांना एकटेदुकटे न फिरण्याच्या सूचना गेल्या. मध्य भारतातल्या वाघांच्या ताणाविषयी आपल्याकडे प्रत्यक्ष मोजमाप झालेले आहे. हैदराबादच्या पेशीय व रेण्वीय जीवशास्त्र केंद्राच्या वन्यप्राणी प्रयोगशाळेतील शास्त्रज्ञांनी कान्हा आणि बांधवगड येथे वाघांची विष्ठा गोळा करून तिच्यातील ताण-संप्रेरकांचे अवशेष तपासले, आणि पर्यटनाच्या हंगामात ते बंद हंगामापेक्षा जास्त असतात, वाहनांच्या व माणसांच्या वर्दळीबरोबर वाढतात, असे त्यांना आढळले. तो अभ्यास २०१९ सालचाच. यावरून पुढची उडी मारण्याचा मोह होतो, की पर्यटकांच्या जिप्सींमुळे वाघिणीच्या पोटातले बछडेही भित्रे घडत असतील. मी ती उडी मारणार नाही. वाघिणीचा गर्भकाळ साडेतीन महिन्यांच्या आतबाहेरचा आहे, पेंचमधल्या ‘कॉलरवाली’ नावाने गाजलेल्या वाघिणीने त्याच वर्दळीत आठ वेतांत २९ बछडे दिले आणि २०२२ च्या जानेवारीत ती वार्धक्याने मेली; खारीवरून वाघाचा निकाल लावणे शास्त्राला धरून होणार नाही.

माणसाच्या बाबतीत आईचा अंदाज वारेतून गाळून येतो. गर्भवतीच्या रक्तातले कॉर्टिसोल गर्भाच्या मानाने कितीतरी जास्त असते, आणि ते सारेच्या सारे पलीकडे गेले तर गर्भाची वाढ खुंटेल. म्हणून वारेत एक विकर असे असते की ते कॉर्टिसोलचे रूपांतर निष्क्रिय कॉर्टिसोनमध्ये करून टाकते. एडिंबरोच्या जोनाथन सेकल आणि सहकाऱ्यांनी १९९३ साली असे प्रतिपादन केले की हे विकर जिथे दुबळे पडते तिथे बाळ लहानखुरे जन्मते आणि पुढे त्याला रक्तदाबाचा धोका वाढतो. त्याच वर्षी पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी पुण्याजवळच्या सहा गावांतल्या गर्भवतींची पाहणी सुरू केली. त्या गावांतली बाळे इंग्लंडमधल्या बाळांपेक्षा सुमारे ८०० ग्रॅमनी हलकी, स्नायूंनी किरकोळ, तरीही त्वचेखालची चरबी मात्र राखून असलेली दिसली. सडपातळ पण मेदयुक्त, अशा या ‘थिन-फॅट’ बाळाचे नाव मग जगभर झाले. कापणी-पेरणी करणाऱ्या, डोक्यावरून पाण्याच्या कळशा वाहणाऱ्या आयांनी टंचाईचा अंदाज केला होता आणि तो चुकीचा नव्हता. पण त्या अंदाजाने घडलेले शरीर जेव्हा मोटारसायकलीवर बसून उपाहारगृहांच्या आणि पाळीपाळीच्या नोकऱ्यांच्या मुलखात येते, तेव्हा मधुमेहाचे दार उघडे असते. वखर जाऊन संगणक आलेल्या शिवारात हा प्रश्न केवळ तात्त्विक नाही.

मानवी वैद्यकाने मात्र या विषयात नुसते निरीक्षण केले नाही, हस्तक्षेपही केला, आणि त्यात नागपूरचा वाटा आहे. न्यूझीलंडचे ग्रॅहॅम लिगिन्स मेंढ्यांत प्रसूती कशाने सुरू होते याचा शोध घेत असताना, १९६९ च्या सुमारास, स्टेरॉइड टोचलेले एक अकाली कोकरू, जे फुप्फुसे न उघडल्याने मरावयास हवे होते, ते श्वास घेत जिवंत राहिले. प्रसूती जवळ आली की गर्भाचे स्वतःचे कॉर्टिसोल चढते आणि फुप्फुसातल्या हवेच्या पिशव्यांना एकमेकींना चिकटू न देणारे द्रव्य तयार होऊ लागते. बाहेरून दिलेले स्टेरॉइड तीच आज्ञा मुदतीआधी देते, आणि कृत्रिम असल्याने वारेतले ते विकर त्याला फारसे अडवीत नाही. लिगिन्स आणि रॉस होवी यांनी १९७२ साली अकाली बाळंत होऊ घातलेल्या स्त्रियांना हे इंजेक्शन दिले, तेव्हा बाळांमध्ये श्वसनाचा तो आजार २५.८ टक्क्यांवरून ९ टक्क्यांवर आला. अकाली जन्मलेली अगणित बाळे पुढे या इंजेक्शनाने वाचली.

मग स्वाभाविकपणे असे वाटले की हे स्वस्त औषध खेड्यापाड्यांतल्या परिचारिकेच्याही हाती द्यावे. २०११ ते २०१४ या काळात अर्जेंटिना, ग्वाटेमाला, केनिया, पाकिस्तान, झांबिया आणि भारत या सहा देशांत याची एक प्रचंड चाचणी झाली. भारतातली तिची ठिकाणे दोन, बेळगाव आणि नागपूर. एकूण ९८ हजारांच्या आसपास जिवंत जन्म तिच्यात मोजले गेले. २०१५ साली ‘लॅन्सेट’मध्ये निकाल आला आणि तो कुणाच्याही अपेक्षेत नव्हता: सर्वांत लहानखुऱ्या बाळांतले मृत्यू घटले नाहीत, आणि सर्व बाळे मिळून पाहिली तर पहिल्या अठ्ठावीस दिवसांतले मृत्यू जिथे इंजेक्शनाचा प्रसार केला त्या गावांत दर हजार जिवंत जन्मांमागे २७.४, तर इतरत्र २३.९ भरले. आयांमध्ये संसर्गाचा संशयही वाढला. इंजेक्शन मिळालेल्या पुष्कळ स्त्रिया वस्तुतः अकाली बाळंत झाल्याच नाहीत; गर्भ किती आठवड्यांचा याचा भरवसा नव्हता, आणि ‘जन्म आता होणार’ ही वर्दी, तो होणार नसलेल्या गर्भांना पोचली होती. हाच या विपरीत निकालाचा एकमेव खुलासा आहे असे मी म्हणणार नाही, कारण संसर्गाचा भागही त्यात आहे. तथापि १९५९ च्या गिनीपिगांनी मुदतीविषयी जे शिकवले होते ते येथे हजारो पाळण्यांच्या हिशेबात पुन्हा दिसले, एवढे खरे.

वाद त्यावर थांबला नाही. जागतिक आरोग्य संघटनेने भारत, बांगलादेश, पाकिस्तान, केनिया आणि नायजेरिया येथील २९ रुग्णालयांत नवी चाचणी घेतली, यावेळी सोनोग्राफीने गर्भाचे वय निश्चित करून, प्रसूती खरोखर जवळ आहे याची खात्री करून, आणि नवजाताची शुश्रूषा होऊ शकेल अशाच ठिकाणी. २०२० साली तिचा निकाल आला: डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड मिळालेल्या गटात नवजात मृत्यू १९.६ टक्के, न मिळालेल्यात २३.५, लाभ इतका स्पष्ट की चाचणी मुदतीपूर्वी थांबवण्यात आली. औषध तेच, आईला टोचण्याची तऱ्हा तीच. फरक पडला तो गर्भाचे वय ठाऊक असण्याने, प्रसूतीच्या खात्रीने आणि नवजाताच्या शुश्रूषेने. ते वय कळते पहिल्या तीन महिन्यांतल्या सोनोग्राफीने, आणि ती जिथे होत नाही तिथे आशा सेविकेच्या वहीतल्या शेवटच्या पाळीच्या तारखेच्या रकान्याने, आणि ती तारीख घरातल्या बाईमाणसाला नीट आठवून सांगता यावी म्हणून ती सेविका पोळा, दसरा, संक्रांत अशा सणांच्या मागेपुढे धरून विचारते.